बारावं पान

१

किन्हवलीच्या पलीकडच्या त्या पाड्यावर लाईट सकाळी दहाला यायची आणि दुपारी एकला जायची. पुन्हा यायची ती संध्याकाळी, तीही आली तर. त्या तीन तासांत वाल्मिकच्या घरातली महत्त्वाची कामं उरकायची. दळण, पाणी आणि हरेश.

साडेनऊला वाल्मिक थोरल्या भावाचं अंग ओल्या फडक्याने पुसायचा, भिंतीला उशा लावून त्याला बसवायचा, मानेखाली चादरीची गुंडाळी द्यायचा. मग त्यांची आई गिरजा पेज घेऊन यायची. स्टीलची वाटी, त्यात चमचा. दहा चमच्यांतले तीन पोटात जायचे, बाकीचे हनुवटीवरून गळ्यावर उतरायचे. हायवेवर डंपरने मोटारसायकल उडवली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हरेश बोलला नव्हता. कुणाकडे बघून त्याच्या डोळ्यांत ओळख उमटली नव्हती. ठाण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, "उजव्या हाताचं हे बोट हलतंय. ते हलतं ठेवा. एक थांबलं की मग एकेक थांबत जातं."

ते बोट हलतं राहिलं ते एका खेळामुळे.

हरेश शहापूरजवळ हायवेवरच्या भंगारच्या दुकानात कामाला होता. कुणा परदेशी राहून आलेल्याच्या सामानात त्याला हा खेळ सापडला. एक काळा डबा, डब्याला वायरने जोडलेली प्लॅस्टिकची बंदूक आणि एक व्हिडिओ कॅसेट. कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची. पडद्यावर विमानं, बोटी, डोंगर दिसायचे आणि मध्येच कुठेतरी एक पांढरा ठिपका लुकलुकायचा. ठिपक्यावर बंदूक धरून खटका दाबला की डब्यावरचा लाल आकडा एकने वाढायचा. ठिपका नसताना कितीही खटके मारा, आकडा जागचा हलायचा नाही. आणि कॅसेट आपली पुढे चालूच राहायची. नेम लागो न लागो, विमान पडायचं ते ठरलेल्या वेळीच. "आपन मारतो पन त्यांना कळतच नाय," हरेश हसून म्हणायचा. "सगळं आधीच होऊन गेलेलं हाय, वाळ्या." वाल्मिकला वाळ्या म्हणणारा घरात तो एकटाच.

अपघातानंतर एकदा वाल्मिकने सहज ती कॅसेट लावली. हरेशच्या हातात बंदूक दिली, मनगटाखाली स्वतःचा हात धरला. ठिपका लुकलुकला. खटका वाजला. आकडा एक झाला. चुलीपाशी बसलेली आई तशीच तोंडात पदर घालून रडली.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात कॅसेटला पांढरी बुरशी धरली. वाल्मिकने ती कापसाने पुसली, उन्हात ठेवली. श्रावणात व्हीसीआरने ती गिळली आणि चुरगळून बाहेर काढली. आठवड्याभरात हरेशचं बोट थांबलं. पुढच्या आठवड्यात तीन चमच्यांचा एक चमचा झाला.

२

नववीत शाळा सुटल्यापासून वाल्मिक मुरबाडला लडकूशेठच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात होता. लग्नं, बारसं, साखरपुडे. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. कॅमेरा डोळ्याला असला की तो सुटायचा. कॅमेरावाल्याशी बोलायला कुणी येत नाही. आता सगळे सीडी मागत होते. दोन चित्रं एकात मिसळायचा जुना मिक्सर आणि दोन व्हीसीआर दुकानाच्या पोटमाळ्यावर धूळ खात होते.

"शेठ, ते मला वापरायला द्याल?"

"कशाला रे?"

वाल्मिकने खाली बघत सांगितलं. लडकूशेठ पानाची पिंक टाकून आले आणि बराच वेळ हसले. "म्हंजे लग्नाच्या वऱ्हाडावर गोळ्या झाडनार तू? आपलं गिऱ्हाईक ऱ्हाईल का रे?" मग हसणं थांबवून त्यांनी पोटमाळ्याची किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

जुन्या कॅसेटचा धड राहिलेला तुकडा तो एकेक चौकट पुढे सरकवत बघत बसला. दोन चौकटी उजेड, दोन चौकटी काळोख. ठिपक्याचं गुपित तेवढंच होतं. काळ्या पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, मागे दिवा, पुढे खेळण्यातल्या मोटरवर फिरणारी खाचांची चकती. ते कॅमेऱ्याने घ्यायचं आणि मिक्सरवर दुसऱ्या चित्रात मिसळायचं. चकतीचा वेग जमायला सतरा दिवस गेले. त्या दिवसांत हरेशचे गाल आत गेले.

चित्र कशाचं घ्यायचं हे त्याचं आधीच ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी, अपघाताच्या थोडं आधी, चुलत बहिणीचं, मनस्वीचं, शेणव्याला लग्न झालं होतं. वाल्मिकनेच शूटिंग केलं होतं. त्यात हरेश होता. चालणारा, नाचणारा, वरातीत सदऱ्याची बटणं तुटेस्तोवर घुमणारा. वाल्मिकने ठिपके बसवले: ढोलावर, मामाच्या फेट्यावर, मांडवाच्या तोरणावर, हरेशच्या छातीवर. एकूण चाळीस. शेवटी काही तरी शांत हवं म्हणून त्याने जुन्यांची पंगत घेतली. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मांडवाच्या कोपऱ्यात वेगळी पानं मांडतात, तो प्रसंग. अकरा पत्रावळी, प्रत्येकीवर भाताची मूद, समोर कुणी नाही. तिथे त्याने ठिपका ठेवला नाही. बरं वाटलं नाही.

खेळ सुरू होताना काहीतरी वाजायला हवं होतं. पारू धवलारणीचं बोलावणं होतं. लग्नात गाऊन सगळे विधी करणारी धसईची म्हातारी, तिने आदल्या दिवशी मांडवात उभं राहून एकेका गेलेल्याचं नाव घेऊन जेवायला बोलावलं होतं. आजी, आजोबा, चुलते, वाल्मिकचे वडील. आवाज खणखणीत होता. वाल्मिकने तेच सुरुवातीला टाकलं.

३

पहिल्याच दिवशी बोट हललं.

वाल्मिक मनगटाखाली हात धरून बसला होता. पारूचं बोलावणं चालू असतानाच ढोलावर ठिपका लुकलुकला, गेला. फेट्यावर आला, गेला. मग बोलावणं संपलं, पडद्यावरचा हरेश नाचत समोर आला, त्याच्या छातीवर ठिपका लुकलुकला आणि खटका वाजला. एक.

महिन्याभरात हरेशचे तीस-पस्तीस व्हायला लागले. दिवसातनं तीनदा कॅसेट लागायची. पेजेचे चमचे पुन्हा तीनावर आले, मग सहावर.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी खेळ संपला आणि वाल्मिक बंदूक टेकवून उठला. डब्यावर आकडा होता एक्केचाळीस.

त्याने मनातल्या मनात ठिपके मोजले. चाळीस. कागद काढला, त्यावर प्रत्येक ठिपक्याची जागा लिहिलेली होती. चाळीस.

मग आठवलं की ट्यूबलाईट चालू आहे. ट्यूबही लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही एवढंच. बंदुकीला ती दिसत असेल. त्याला हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्याने ट्यूब बंद केली, दाराला गोधडी लावली.

बेचाळीस.

४

आकडा शेवटी वाढत होता. चाळीसावा ठिपका होऊन जायचा, पडद्यावर पंगत यायची, आणि वाल्मिकच्या तळहातावर असलेलं हरेशचं मनगट वळायचं. दोन वर्षांत ते मनगट कधी आपलं आपण वळलं नव्हतं. ते डाव्या कोपऱ्यातल्या पानाकडे वळायचं, थांबायचं, आणि खटका वाजायचा. मग दुसऱ्या पानाकडे.

वाल्मिकने स्वतः बंदूक हातात घेऊन त्याच पानांवर नेम धरला. वीस खटके मारले. आकडा हलला नाही. मग दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून चांगल्या व्हीसीआरवर ती कॅसेट एकेक चौकट पुढे नेली. कुठेही उजेड नव्हता, ठिपका नव्हता. पिवळट पानं, सारवलेली जमीन, एका पानाच्या कडेला बसलेली माशी.

तेव्हा त्याला दिसलं की डावीकडच्या दोन पानांवर भात नाही.

पानं उष्टी होती. बोटांनी भात ओढल्याच्या रेघा होत्या, कडेला मिरचीचं देठ होतं.

कॅसेट झिजते. पांढरा रंग आधी जातो, हे त्यानेच गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलं होतं. पण भात झिजला तर त्या जागी नुसतं पान दिसेल. रेघा कशा दिसतील? देठ कुठून येईल?

"काय रे, भूत बघितलंस का?" लडकूशेठनी खालून विचारलं.

"नाय शेठ. कॅसेट खराब झालीय."

संध्याकाळी घरी आला तेव्हा आई दारातच उभी होती. तिचा चेहरा त्याला ओळखू येईना. दोन वर्षांत ती एवढी हसली नव्हती.

"त्यानं भात खाल्ला रे," ती म्हणाली. "घोटभर पेज नाय, भात. हातानं."

५

पौष उजाडला तेव्हा आकडा पन्नासवर आला होता आणि हरेश भिंतीला न टेकता बसत होता.

तो बसायचा खाली, ताटासमोर. एक दिवस त्याने कांदा ताटाच्या कडेला ठेवला आणि मुठीने फोडला. घरात कांदा तसा फोडणारी एकच बाई होती, वाल्मिकची आजी. एक दिवस त्याने सुका बोंबील मागितला. शब्दाने नाही, बोटाने दाखवून. हरेशला लहानपणापासून बोंबलाचा वास सहन व्हायचा नाही. त्याने चार बोंबील खाल्ले, काटे नीट एका बाजूला रचून ठेवले.

खाणं वाढत होतं. टोपभर भात एका वेळेला जायचा. आणि वाल्मिक सकाळी अंग पुसायला बसला की फडक्याखाली बरगड्या मोजता यायच्या. काल मनगटाभोवती बोटांची जी कडी घट्ट बसत होती ती आज सैल पडायची. एवढं अन्न जात होतं ते कुणाच्या अंगी लागत होतं?

एक दिवस जेवताना हरेशने घसा खाकरला. दोनदा, मध्ये थोडा वेळ सोडून. मग ताटाच्या उजव्या बाजूला बोट टेकवलं.

आई झटकन उठली आणि तिथे चिमूटभर मीठ ठेवलं. ठेवून झाल्यावर तिचा हात तसाच थांबला. वाल्मिकच्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते असेच खाकरायचे. मीठ मागायचे नाहीत कधी.

"आये," वाल्मिक हळूच म्हणाला, "हा हरेशच हाय ना?"

आईने त्याच्याकडे बघितलं नाही. ताटात आणखी भात वाढला.

"जेवतोय ना? मग गप बस."

त्या दुपारी वाल्मिकने आईची नजर चुकवून पंगतीचं चित्र पुन्हा लावलं. टीव्हीला नाक लावून पानं मोजली. नऊ उष्टी झाली होती, दोन भरलेली होती. अकरा. पण उजवीकडे, जिथे कॅमेरा संपायचा, तिथे आणखी एका पानाची कड दिसत होती.

शूटिंग करताना त्याने अकराच पानं घेतली होती. पारू धवलारणीने अकराच नावं घेतली होती.

त्याने चित्र थांबवलं. बाराव्या पानावर भात नव्हता. तिथे स्टीलची वाटी होती. वाटीत चमचा होता.

६

धसईला उतरून पारूचं घर विचारत तो गेला तेव्हा ती अंगणात वाल सोलत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याचे कान तापले, पण तो थांबला नाही.

"म्हंजे माझा आवाज डब्यात भरून वाजवलास," पारू म्हणाली. "मला इचारलंस?"

"चुकलो, आजी."

"किती दिस?"

"तीन म्हैने. दिवसातनं तीनदा. दहा ते एकच्या मधी."

पारूचे हात थांबले. "तरीच. सुनेला सांगते मी, दहा वाजले का मला उचक्या लागतात. ती म्हनते, आजी तुला कोन आठवतंय या वयात?" ती हसली नाही. "बोलावणं वाजवलंस. आन निरोप?"

वाल्मिकला तो निरोप आठवला. मांडव उतरवताना तीच पारू पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली होती, पंगतीला उठा म्हणायला. ते गाणंही त्याने घेतलं होतं. पण कॅसेट तीन तासांची. वरातीच्या नाचाला जागा हवी म्हणून लडकूशेठ प्रत्येक लग्नात ते शेवटचं गाणं कापायला लावायचे. कुणी बघत नाही, म्हणायचे. कापलेला भाग दुसऱ्या लग्नाखाली पुसला गेला होता.

"नव्वद दिस लोकांना जेवायला बोलावतोस," पारू म्हणाली, "आन उठा म्हनत नाय. ते बसनार नाय तर काय करनार?"

"तुमी म्हना ना निरोप. मी भरून नेतो."

"मांडव नसताना म्हनत नाय."

"आजी, तो सुकत चाललाय. पाया पडतो तुमच्या."

तो खरंच खाली वाकला. पारूने पाय मागे घेतले. मग सूप बाजूला सारून उठली, घरात जाऊन तांब्या घेऊन आली, घराकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. वाल्मिकने कॅमेरा चालू केला.

गाणं संपल्यावर ती आत जायला निघाली. वाल्मिक तिच्या मागे गेला.

"आजी, यानं फक्त तेच जातील ना? अकराजन?"

"पंगत एकदम उठते," ती म्हणाली. "जेवन झालेला पान दुमडून बसून ऱ्हातो. एक जन जरी जेवत असला तरी बाकीचे थांबतात. घास तोंडात असलेल्याला टाकून उठत नाय कोनी. पन उठले का सगळे उठतात."

"हरेश त्यांच्याच पंगतीला जेवलाय, आजी. त्याचं पान दिसलं मला."

पारूने तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं. ती त्याच्याकडे बघायला तयार नव्हती.

"त्याला कोनी बोलावलं?" तिने विचारलं.

वाल्मिकला आठवलं. बोलावणं संपतं तिथे गाणं एकदम तुटलं असतं, म्हणून त्याने शेवटच्या नावाला हरेशचं चित्र जोडलं होतं. गाणं थांबायचं आणि पडद्यावर हरेश नाचत यायचा, छातीवर ठिपका घेऊन. आणि दर वेळी वाल्मिक त्याच्या कानाशी वाकून म्हणायचा, "हरेश. ये. ये, हरेश."

७

दोन दिवस त्याने कॅसेट लावली नाही. दोन्ही दिवस हरेश जेवला. दुसऱ्या दिवशी त्याचं मनगट वाल्मिकच्या दोन बोटांत मावलं.

तिसऱ्या दिवशी, बारा वाजून गेल्यावर, वाल्मिकने पारूचा निरोप पंगतीच्या चित्राला जोडलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. हरेश ताटावर बसला होता. आईने वाल्मिकचंही ताट वाढून ठेवलं होतं. त्याने त्या ताटाला हात लावला नव्हता. टोप दोघांच्या मध्ये होता.

"आता कशाला लावतोस?" आई म्हणाली. "जेवू दे त्याला."

"एकदाच, आये."

चाळीस ठिपके गेले. पंगत आली. बंदूक जमिनीवर पडलेली होती, कुणी खटका दाबत नव्हतं, आणि आकडा वाढत बावन्नवर जाऊन थांबला. अकराच्या अकरा पानं उष्टी होती. मग पारूचा आवाज सुरू झाला. उठा म्हणत होती, पाणी घ्या म्हणत होती, वाट उजेडाची आहे म्हणत होती.

डावीकडचं पहिलं पान दुमडलं. हात दिसला नाही. पान आपलं आपण अर्ध्यावर आलं आणि चपटं झालं. आकडा एक्कावन्न झाला.

वाल्मिक डब्याकडे बघत राहिला. तो डबा आकडा फक्त वाढवू शकत होता. उतरवायची त्यात सोयच नव्हती.

दुसरं पान. पन्नास. तिसरं. खोलीत कापड सळसळलं. आवाज टीव्हीतून आला नव्हता, चुलीच्या बाजूने आला होता. कुणाचा तरी गुडघा कटकन वाजला. नववं पान दुमडलं तेव्हा वाल्मिकच्या मागे कुणीतरी घसा खाकरला. दोनदा, मध्ये थोडा वेळ सोडून. आई त्या दिशेला बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एक्केचाळीस. अकरा पानं दुमडलेली. आता बारावं पान पूर्ण दिसत होतं. वाटी, चमचा, आणि चमच्याला कुणाची तरी बोटं. फक्त बोटं. उजव्या हाताची.

"वाळ्या."

आवाज हरेशचा होता. घोगरा, दोन वर्षं न वापरलेला, पण त्याचाच. तो वाल्मिककडे बघत होता, आणि डोळ्यांत ओळख होती.

"वाळ्या, सगळे उठतायत. मी पन उठू का रे?"

त्याचा हात ताटाच्या कडेवर होता. तळवा जमिनीला टेकून उठायच्या बेतात.

वाल्मिकने व्हीसीआरकडे झेप घेतली, आणि तेवढ्यात लाईट गेली. एक वाजला होता. टीव्ही विझला, डब्यावरचा आकडा विझला. पारूचा आवाज थांबला नाही. खोलीत तो तसाच चालू होता, शेवटच्या कडव्याजवळ आलेला.

वाल्मिक हरेशच्या शेजारी खाली बसला. स्वतःचं ताट पुढे ओढलं. भाताचा मोठा घास केला आणि तोंडात घातला.

गाणं थांबलं.

कुणी उठलं नाही. सगळीकडून, चुलीपासून दारापर्यंत, वाट बघणाऱ्या माणसांचा श्वास ऐकू येत होता. हरेश अर्धवट उठलेला तसाच खाली बसला, भावाच्या खांद्याला खांदा लावून. त्याचा खांदा थंडगार होता, पण होता.

वाल्मिक चावत राहिला. जेवढं हळू चावता येईल तेवढं. गिळायच्या आधी दुसरा घास तोंडाशी तयार ठेवला. मग तिसरा. ताट अर्धं झालं. मग शितं उरली. ती तो एकेक करून उचलायला लागला.

"आये," भरल्या तोंडाने तो म्हणाला, "वाढ."

आईला कळलं होतं. तिने टोप स्वतःकडे ओढला, कालथा आत घातला आणि भात वाढला. वाल्मिकने तो खाल्ला. तिने पुन्हा वाढला.

"वाढ, आये."

कालथा टोपाच्या तळाला खरवडल्याचा आवाज आला.